चार दिवस तेच पाणी

१

रजिस्टर एकोणीसशे चौऱ्याण्णवचं, पान सप्टेंबरचं, आणि ते जागेवर नव्हतं. फाडणाऱ्याने घाई केलेली दिसत होती. शिलाईला पानाची बोटभर पट्टी चिकटून राहिली होती आणि तिच्यावर नुसता तारखांचा रकाना उरला होता, एकपासून तीसपर्यंत. पाण्याची पातळी ज्या बाजूला लिहिलेली होती ती बाजू गेली होती.

अस्मिता पांढरीपांडेने रजिस्टर मिटलं आणि मोहबोडीच्या ग्रामपंचायतीत जमलेल्या पंधरावीस जणांकडे नीट पाहून घेतलं. कोणी नजर चुकवली नाही. उलट सगळे तिच्याकडेच असे पाहत होते, जणू पान तिनेच पर्समध्ये घालून नेलं असावं. बावन्न वर्षांची ही बाई सांख्यिकीच्या नोकरीतून लवकर निवृत्त झालेली, शहरातल्या नंदनवन वस्तीत एकटी राहणारी. जुन्या आकड्यांवरून कुठे भांडण पेटलं की तिला चौकशीला धाडलं जाई. स्वभाव तिखट होता आणि तो लपवायचे कष्ट ती घेत नसे.

भांडण समजायला सोपं होतं. रामटेकच्या अलीकडचा हा जुना तलाव. त्याचं पाणी आजवर जास्तीत जास्त कुठवर चढलं तिथे रेघ मारायची आणि रेघेच्या आत बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा आदेश होता. एक कंपनी पूर्वेच्या काठावर सत्तर एकरांत बंगल्यांचे प्लॉट पाडायला टपून बसली होती. रुपराव भोयर नावाच्या मोजणीदाराने बत्तीस वर्षं रोज सकाळी आठला पातळी लिहून ठेवली होती. त्याच्या लेखी सगळ्यात मोठा आकडा होता तेरा सप्टेंबर चौऱ्याण्णवचा, चार मीटर सदुसष्ट सेंटिमीटर. बाकी कुठल्याही वर्षीचा मोठ्यात मोठा आकडा त्याच्या मीटरभर खाली होता. सदुसष्ट खरा ठरला तर सत्तर एकर तलावाचे. खोटा ठरला तर सत्तर एकर प्लॉटवाल्यांचे, आणि सहा वर्षांपूर्वी वारलेला रुपराव कायमचा खोटारडा. परवा सकाळी सुनावणी होती.

"म्याडम, तुमच्या सरकारी रजिस्टराची राखण आम्ही करायची काय?" सरपंच जितेंद्र गायधने म्हणाला. त्याने स्वतःची आठ एकर जमीन कंपनीला आधीच विकली होती आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"लोकांना पाहायला दोन दिवस इथे ठेवलं होतं. कुलूप तुमचं, किल्ली तुमची."

"मंग आमच्यावर आळ घेऊन राहिल्या काय?"

"अजून नाही," अस्मिता म्हणाली.

बसायला तिला मोडक्या हाताची खुर्ची दिली होती. चहाचं कोणी नाव काढलं नव्हतं. पंचायतीचा शिपाई पियुष, पन्नाशीचा ओढलेला माणूस, दारात उभा होता. त्याला तिने विचारलं, रजिस्टरांजवळ कोण कोण बसलं?

"सरपंच बसले. कंपनीचे ते गौरांग सर बसले." पियुषने सरपंचाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आन् मनकर्णाबाई. रुपरावची बायको. दोन घंटे बसली, म्याडम. पानं पलटवत राहिली. तिले तं वाचताही येत नाही. नवऱ्याचं अक्षर पाहत असन म्हणून मी काही बोललो नाही."

बाहेर आल्यावर तिला दिसलं की गाडीच्या दोन्ही मागच्या चाकांतली हवा कोणीतरी सोडून दिली आहे. पारावर बसलेल्या माणसांपैकी एकही जागचा हलला नाही.

२

"पान फाडून मला काय मिळणार?" गौरांग देशकर म्हणाला.

रामदासपेठेतलं त्याचं ऑफिस थंडगार होतं आणि तो त्याहून थंड होता. चौतिशीचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला विसरू न देणारा. कंपनीने आकडे तपासायला त्याला नेमलं होतं.

"महिन्यापूर्वी तुम्हीच सगळी रजिस्टरं स्कॅन करून आम्हाला दिलीत. माझ्याकडे ते पान आहे, तुमच्याकडे आहे, सरपंचांनी सही करून पेनड्राइव्ह घेतलाय, आणि मशीनवर पानं ठेवायला तुमच्यासोबत तो शिपाईच होता. मूळ कागद जाऊन कोणाचं काय अडलं? उलट मला तो सुनावणीत सगळ्यांसमोर धरायचा होता."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणून अस्मिताला त्याचा राग आला. तिने विचारलं, "कशासाठी धरायचा होता?"

गौरांगने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "रुपरावने बत्तीस वर्षं पातळी लिहिली. सगळे आकडे शून्यावर नाही तर पाचावर संपतात. तीन चाळीस, तीन पंचेचाळीस. तलावाच्या बंधाऱ्यावर उभं राहून लांबून पाहायचं आणि जवळचा आकडा लिहायचा, अशी त्याची सवय होती. पण जून त्र्याण्णव ते ऑक्टोबर चौऱ्याण्णव, या सतरा महिन्यांत बघा. तीन सदतीस. तीन एक्केचाळीस. तीन अठ्ठावन्न. अक्षर त्याचंच, आकडे मात्र कुठलेही. माणूस घरी बसून मनाने आकडे लिहितो ना, तेव्हा असे लिहितो."

"दुसरं?"

"दुसरं म्हणजे याच सतरा महिन्यांत दहा ठिकाणी एकच आकडा सलग पुन्हा पुन्हा आलाय. बहुतेक वेळा चार दिवस तेच पाणी. मग पुन्हा नीट चालू. आणि ही ठिकाणं सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस दिवसांनी येतात. पगाराची तारीख म्हणावी, तर ती महिन्याला ठरलेली असते. हे दर महिन्याला मागे सरकतं. निसर्गात अठ्ठावीस दिवसांचं असं काही नसतं, मॅडम. माणूस नक्कल करायला बसला की त्याच्या हाताला असा ठेका लागतो."

"आणि तेरा सप्टेंबर?"

"ते तर हास्यास्पद आहे. दहा तारखेला तीन बेचाळीस. अकराला तेच, बाराला तेच. तेराला एकदम चार सदुसष्ट. पावसाची नोंद पाहिली तर पाऊस तीन दिवस पडत होता. मग पाणी दोन दिवस हललंही नाही आणि एका रात्रीत सव्वा मीटर चढलं?" तो खुर्चीत मागे रेलला. "मी गावातल्या पहिल्या बैठकीत सांगितलंच होतं. आकडे चुगली करतात. माणूस कोणत्या दिवशी पाण्यापाशी गेला, कोणत्या दिवशी गेला नाही, सगळं सांगून टाकतात."

"तेव्हा बैठकीत कोण होतं?"

"अर्धं गाव होतं. ती म्हातारीपण होती, रुपरावची बायको. पुढेच बसली होती."

अस्मिताने त्याचे तक्ते घरी नेले आणि दुपारभर स्वतः गणित करून पाहिलं. गौरांगची एकही चूक सापडली नाही. त्या सतरा महिन्यांत रुपराव भोयर पट्टी वाचायला तलावावर गेलेला नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मोहबोडीला गेली आणि गाडी गावाबाहेर उभी केली.

मनकर्णाबाईचं घर तलावाच्या पारेला लागून होतं. इकडे बंधाऱ्याला पार म्हणतात. बाई अंगणात मोहाची फुलं वाळवत होती. अस्मिता दहा पावलांवर आली तरी तिने डोळे बारीक करून विचारलं, "कोण होय?"

"मी, मावशी. काल पंचायतीत आले होते ती."

"जवळ आल्याबिगर वळखू येत नाही मले. लहानपणापासून असंच हाय, दूरचं सगळं धुकट दिसते." ओळख पटल्यावर तिचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "आता काय पायजे?"

"सप्टेंबरचं पान सापडत नाही."

"नसन सापडत. तुमचं काय गेलं त्याच्यात?"

"उद्या तुमच्या नवऱ्याला खोटं ठरवतील."

"ठरवू द्या. मेलेल्या माणसाले काय होते?" ती उठली आणि फुलांची टोपली उचलून घरात गेली. आतून तिने कडी लावल्याचा आवाज अस्मिताने स्पष्ट ऐकला.

नवऱ्याचं अक्षर दोन तास पाहणारी बाई, आणि त्याच्या नावाची तिला पर्वा नाही. हे अस्मिताच्या पचनी पडेना. ती तशीच पारेवर चढली.

मे महिन्यात तलाव आटलेला होता. पारेपासून आठ-दहा पावलं आत तुडूम उभं होतं, म्हणजे शेतीला पाणी सोडायचा दगडी मनोरा, आणि त्याच्या अंगावर सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली होती. खाली शून्य, वर पाच मीटर. पारेपासून तुडुमापर्यंत जायला दगडाचा अरुंद कट्टा होता. रुपराव पारेवरून पाहायचा. ज्याला लांबचं दिसत नाही त्याला मात्र या कट्ट्यावरून पट्टीपाशी जावं लागलं असतं. अस्मिता कट्ट्यावरून चालत गेली. कट्टा पट्टीला जिथे टेकत होता तिथला आकडा होता तीन मीटर पस्तीस. पाणी त्याच्या खाली असलं की कोरड्या पायाने जाता येई, वर चढलं की पाण्यातून जावं लागे.

उन्हाने तिचा घसा कोरडा पडला होता. पारेखालच्या पहिल्या मोठ्या घरात तिने पाणी मागितलं आणि मग कळलं की घर सरपंचाचं आहे. सरपंच घरी नव्हता. त्याची बायको वैभवी ओसरीच्या टोकाला वेगळ्या चटईवर बसली होती. ती जागची उठली नाही.

"मी नाही देऊ शकत, म्याडम. बाहेर बसली आहे मी," ती ओशाळून म्हणाली.

पाणी आणलं ते सासूने, यमुताईने. साठी उलटलेली, ताठ बाई. पेला तिने हातात न देता समोर ठेवला. "आमच्या इथं पाळतात, शहरात नसतीन पाळत," ती म्हणाली. "चार दिवस बाई माताच्या तलावात पाय टाकत नाही."

"टाकला तर काय होतं?"

यमुताईने भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. फोटोला हार होता. "हे झालं. जितूचा बाप, गोपाळराव. चौऱ्याण्णवच्या पुरात तुडूम उघडाले गेले, ते वाहून गेले. भगतानं सांगतलं, कोण्या तरी बाईनं त्या दिवशी विटाळ असताना पाण्यात पाय टाकला. तीस वर्षं झाले, म्याडम. मी तिचं नाव शोधून राहिली."

अस्मिता पाणी न पिताच उठली. गाडीत बसून तिने गौरांगचा तक्ता मांडीवर पसरला. अडलेल्या आकड्यांची ती दहा ठिकाणं. नऊ ऑगस्ट, सहा सप्टेंबर, तीन ऑक्टोबर, एकतीस ऑक्टोबर. जानेवारीनंतर उन्हाळाभर एकही नाही. मग पुन्हा ऑगस्टपासून सुरू. दहाच्या दहा ठिकाणी पाणी तीन पस्तीसच्या वर होतं. खाली असताना एकदाही आकडा अडलेला नव्हता.

निसर्गात अठ्ठावीस दिवसांचं काही नसतं, असं गौरांग म्हणाला होता. त्याचं अजून लग्न झालेलं नसावं, असं अस्मिताला वाटलं. आणि आपण स्वतः बाईच्या जातीच्या असून दुपारभर ते आकडे घेऊन बसलो, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, याची तिला लाज वाटली.

४

या खेपेला तिने दार वाजवलं आणि बाहेरूनच सांगितलं, "मावशी, पान तुम्ही नेलं. मला ते नको आहे. फक्त बोलायचं आहे."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

"कोण पाहलं मले?" मनकर्णाबाईने विचारलं.

"कोणी नाही. त्या पानाची नक्कल माझ्याकडे आहे, सरपंचाकडे आहे, कंपनीकडे आहे. पियुषने स्वतः पानं मशीनवर ठेवली. त्यातला कोणी कागद फाडायच्या भानगडीत पडणार नाही. हे पान एकच आहे असं ज्याला वाटलं त्यानेच ते फाडलं. रजिस्टरांजवळ बसलेल्यांत तसं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या. वाचता येत नसताना नेमकं पान कसं ओळखलंत?"

"आमच्या यायनं त्या आकड्याखाली लाल रेघ मारली होती. मायासमोर मारली." म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली. "तो कंपनीवाला म्हणे आकडे चुगली करतात, म्हणून फाडलं. नक्कल असते हे मले काय ठाऊक?"

"तो सतरा महिन्यांचा हिशोब रुपरावांचा नाही. पट्टी तुम्ही वाचत होतात."

अस्मिताने थांबायला हवं होतं, पण ती थांबली नाही. तिच्या स्वभावातच ते नव्हतं. "रुपरावांना काहीतरी झालं होतं. अक्षर त्यांचं, पण मोजणी जवळ जाऊन केलेली, म्हणून आकडे सेंटिमीटरपर्यंत बरोबर. दर महिन्याला चार दिवस मात्र पाण्यात जाता येत नव्हतं, म्हणून कालचाच आकडा. आणि पाणी कट्ट्याच्या खाली गेलं की तीही अडचण उरत नव्हती."

"झाडावरून पडले होते," मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाली. "कंबर गेली. सतरा महिने खाटेवर. रोजंदारीची नोकरी, हपिसाले समजलं असतं तं दुसरा माणूस ठेवला असता. मी सकाळी भांडे घासाले म्हणून जाऊ, रेघा मोजू आन् घरी येऊन सांगू. हे लिहीत. त्या चार दिवसांत म्हणत, कालचंच राहू दे, देवाचं काम हाय."

"आणि तेरा सप्टेंबरला?"

"तिसरा दिवस होता माया." तिने पदर तोंडाशी धरला. "पाणी इतकं वाजून राहिलं होतं की घरात बोलणं ऐकू येत नव्हतं. पारेखालच्या वस्तीत, टोलीत, सत्तावीस घरं होती. हे म्हणे, किती चढलं ते समजल्याबिगर लोकायले उठवू कसं? खोटं ठरलं तं गाव हसन. मी गेली. येऊन सांगतलं. यायनं गोपाळरावकडे निरोप धाडला, दुपारपर्यंत टोली खाली झाली. आन् संध्याकाळी गोपाळराव गेले. मायाच्यानं गेले."

अस्मिताला राग येत होता, आणि तो नेमका कोणाचा आला आहे हे तिला सांगता आलं नसतं. भगताचा, गावाचा, की या बाईने तीस वर्षं तो दगड एकटीने उरावर वागवला याचा.

"मावशी, अकरा आणि बारा तारखेला पाणी चढतच होतं. तुम्ही गेला नाहीत म्हणून आकडा तसाच राहिला, आणि तेराला तीन दिवसांची चढण एकदम दिसली. नऊ वेळा तुम्ही चारही दिवस पाळले. या एका वेळी तिसऱ्या दिवशी मोडलं. खोटा आकडा लिहायला कोणी एवढं मोडत नाही. हे उद्या तुम्ही सांगितलंत तर तलाव वाचेल."

"आन् यमुताई समोर बसली असन."

"असेल."

"मंग तुम्हीच सांगा ना. तुम्ही म्याडम हा."

"नुसतं मी सांगून तो पुरावा होत नाही. आणि तुमच्या तोंडची गोष्ट तुम्हाला न विचारता मी सांगणार नाही."

"मी नाही सांगत," मनकर्णाबाई म्हणाली. "या तुम्ही."

५

सुनावणी पंचायतीच्या अंगणात मांडवाखाली झाली. सतरंज्यांवर बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. गौरांगने तीनही दोष शांतपणे समजावून सांगितले. अठ्ठावीस दिवसांचा ठेका त्याने मोठ्या पडद्यावर दाखवला. पुरुष माना डोलावत होते. बायांच्या बाजूला मात्र कुजबूज उठली आणि लगेच दबली. अस्मिताच्या ते लक्षात आलं. तिथे बसलेल्या निम्म्या बायांना तो तक्ता एका नजरेत कळला होता आणि त्यांच्यातली एकही तोंड उघडणार नव्हती.

मग जितेंद्र उभा राहिला.

"गावची गोष्ट बाहेर सांगाची नव्हती, पण सांगतो," तो म्हणाला. "रुपरावकाका ते सतरा महिने खाटेवर होते. कंबर मोडली होती. इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाले माहीत हाय. कोणी नाही म्हणून दाखवा. खाटेवरच्या माणसानं तलावाचे आकडे आणले कुठून?"

कोणी नाही म्हणालं नाही. तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारे शेतकरी खाली पाहत होते. त्यांना हे ठाऊक होतं आणि याच भीतीने ते आजवर गप्प होते.

"म्याडम, आता लिहा," जितेंद्र म्हणाला. "नोंद बोगस."

अस्मिताने पेन उचललं नाही. तिने बायांच्या बाजूला पाहिलं. मनकर्णाबाई मान खाली घालून बसली होती आणि तिच्या शेजारी दोन बायांची जागा सोडून यमुताई होती. "कोणाला काही सांगायचं आहे?" अस्मिताने विचारलं. कोणी हललं नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचं नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. तिने कागद पुढे ओढला.

"त्यायले बोगस नका म्हणू."

मनकर्णाबाई उठून उभी होती. कमरेची पिशवी सोडून तिने चार घड्यांचा कागद काढला आणि चालत येऊन टेबलावर ठेवला. कागदावर एका आकड्याखाली लाल रेघ होती.

"पान मी नेलं. पट्टी मी वाचत होती. हे लिहीत होते."

पुरुषांत कोणीतरी हसलं. गौरांगने हात वर केला. त्याचा सूर सभ्य होता आणि त्यात शंका पुरेपूर होती. "आजी, तुम्हाला आकडे वाचता येत नाहीत. मग पट्टी कशी वाचत होतात?"

"वरून कोरड्या रेघा मोजू. जाड रेघ येगळी, बारीक रेघ येगळी. पाण्याच्या वर किती राहिल्या ते येऊन सांगू, बाकी वजाबाकी हे करत."

"तेरा तारखेला किती राहिल्या होत्या?"

"जाड तीन, बारीक तीन," ती क्षणभरही न थांबता म्हणाली.

गौरांगने आपल्या तक्त्याच्या कोपऱ्यावर वजाबाकी मांडली. पट्टी पाच मीटरची. जाड रेघ दहा सेंटिमीटरची, बारीक एकाची. पाच मीटरमधून तेहतीस सेंटिमीटर. उत्तर त्याने दुसऱ्यांदा करून पाहिलं. "चार सदुसष्ट," तो शेवटी म्हणाला, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा तो खरं बोलला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. "वरून मोजलेली गोष्ट कोणी यांना पढवून ठेवलेली असू शकत नाही. रजिस्टरात ती कुठेही नाही."

"आन् चार दिवस तेच पाणी काहून हाय," मनकर्णाबाई म्हणाली, "ते या बायायले विचारा. त्यायले समजलं हाय. त्या तेरा तारखेले माया तिसरा दिवस होता. तरी मी पाण्यात गेली."

जितेंद्रचा आवाज फुटला. "म्हणजे माया बापाले तू..." तो टेबलाकडे दोन पावलं आला. मनकर्णाबाईच्या आजूबाजूच्या बायांनी आपली लुगडी आवरून घेतली आणि सरकून बसल्या. अस्मिताने लिहायला सुरुवात केली. वाचन ग्राह्य, तेरा सप्टेंबर एकोणीसशे चौऱ्याण्णव, सकाळी आठ, चार मीटर सदुसष्ट. वाचन घेणारी व्यक्ती मनकर्णा रुपराव भोयर.

यमुताई उठली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही हात उचलते. ती मनकर्णाबाईपुढे जाऊन उभी राहिली.

"पाणी कुठलोक होतं तुया?"

मनकर्णाबाईने गळ्याला हात लावला. "इथलोक."

"पोहता येते तुले?"

"नाही."

"माय, तू बाजूले हो," जितेंद्र म्हणाला. "मी बोलतो तिच्याशी."

"तू चूप बस." यमुताईने वळून पाहिलंही नाही. "आपलं घर तवा टोलीतच होतं. त्या दिवशी तुले ताप होता, आतल्या खोलीत झोपला होता तू. मी उठवला नसता तुले. रुपरावचा निरोप आला म्हणून उठवला."

जितेंद्र जिथे होता तिथेच उभा राहिला. यमुताई मनकर्णाबाईकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर माया अजिबात नव्हती. तीस वर्षांचा राग तिथेच होता आणि त्याला जायला आता जागा नव्हती.

"तीस वर्षं मी तुलेच शोधून राहिली वं," ती म्हणाली. "शिव्या द्यायसाठी. आता काय देऊ तुले, सांग."

मनकर्णाबाई तिथेच टेबलाशेजारी मातीत खाली बसली. यमुताईही तिला लागून मातीत बसली.